‘प्रभात’च्या फाटकासमोर बसलेली नायिका

पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला नको. ‘संत तुकाराम’ तिथे तयार झाला, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ तिथेच तयार झाले. या वास्तूविषयी आपल्याकडे इतके गहिवरून लिहिले गेले आहे की, तिच्या फाटकाबाहेर घडलेली एक गोष्ट त्या गहिवरात हरवून गेली. १९३९ सालच्या जुलै महिन्यात या फाटकासमोर एक तरुण स्त्री उपोषणाला बसली. ती गिरणी कामगार नव्हती, सत्याग्रहीही नव्हती. त्याच कंपनीच्या चित्रपटांतली ती आघाडीची नायिका होती. वय जेमतेम तेवीस. आणि तिचे भांडण होते करारासाठी, पगारासाठी.

त्या नायिकेचे नाव शांता आपटे.

शांताबाईंचे नाव आजही अधूनमधून निघते. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात निघते, ‘कुंकू’च्या निमित्ताने निघते. गायिका-अभिनेत्रींच्या पिढीतले एक मोठे नाव म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि पुढच्या नावाकडे वळले जाते. मला मात्र त्यांच्या आयुष्यात गाण्याइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटत आली आहे. सिनेमातली नटी ही कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे त्यांनी फार लवकर आणि अगदी उघड विचारला. प्रेक्षक तिला आपली समजतात, कंपनी तिला आपली समजते, घरचेही आपली समजतात. ती स्वतःची असते की नाही? त्या काळी हे विचारणे सोपे नव्हते आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. मुंबई-मद्रास लोहमार्गावर सोलापूर सोडले की गुलबर्ग्याच्या दिशेला हे छोटे स्टेशन लागते. वडील तिथे स्टेशनमास्तर होते. अशा गावी गाडी येणे आणि गाडी जाणे यापलीकडे दिवसभरात फारसे काही घडत नसणार. पण घरात गाण्याची आवड होती. मुलीचा गळा चांगला आहे हे लक्षात आल्यावर पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिच्या शिक्षणाची सोय झाली. गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून आणि कार्यक्रमांतून ती लहानपणीच गाऊ लागली. थोरले बंधू बाबूराव आपटे तिचा सगळा व्यवहार पाहत. बहिणीच्या कारकिर्दीवर त्यांची पकड घट्ट होती. पुढची बरीच वर्षे शांता आपटे म्हटले की मागे बाबूराव, असे समीकरणच होते.

तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुढे बायका पडद्यावर आल्या, पण ‘चांगल्या घरच्या’ मुलीने सिनेमात जाणे म्हणजे घर बुडाले, ही समजूत तशीच राहिली. दुर्गाबाई खोटे १९३१ साली पडद्यावर आल्या तेव्हा गिरगावातल्या पांढरपेशा वस्तीत केवढी खळबळ माजली होती! अशा दिवसांत १९३२ साली भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’ बोलपट काढला. कंपनी पुण्याची सरस्वती सिनेटोन. कृष्ण झाला शाहू मोडक आणि राधा झाली स्टेशनमास्तरांची सोळा वर्षांची ही मुलगी. मुंबईच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात हा बोलपट पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. आपल्याकडे रौप्यमहोत्सवाची मोजणी सुरू होते ती इथपासून.

१९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. पुण्यातला तिचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४ चा. चित्रपटाच्या इतिहासात तो लक्षात राहिला तो चंद्रमोहनच्या डोळ्यांमुळे. पडदाभर पसरलेला तो डोळा पाहून त्या काळी प्रेक्षक दचकत असत म्हणे. शांताबाईंनी त्यात सुमित्रेची भूमिका केली. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांनी या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट हेरली. तोवर बोलपटात गाणे आले की नट-नटी बहुधा जागच्या जागी उभे राहात आणि संगीत नाटकातले पद म्हणावे तसे ते म्हणत. कॅमेरा स्थिर, माणूस स्थिर, हलतात ते फक्त ओठ. शांता आपटे गाताना डोळ्यांनी बोलत, हात हलवत, मान वळवत. गाणे म्हणजे थांबलेली गोष्ट नव्हे, गाण्यातही ती पुढे सरकते, हे त्यांना कोणी न शिकवता कळले होते. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, कारण पुढे सगळेच तसे करू लागले.

त्यानंतरची चार वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत भरभराटीची. १९३६ साली ‘राजपूत रमणी’ आणि ‘अमरज्योती’. ‘अमरज्योती’त समुद्रावर राज्य करणारी बंडखोर सौदामिनी दुर्गाबाई खोट्यांनी रंगवली आणि राजकन्या नंदिनी शांताबाईंनी. बायकांच्या गुलामीविरुद्ध तलवार उपसणाऱ्या नायिकेचा हा चित्रपट पंचाऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे, हे पाहताना खरे वाटत नाही. १९३७ साली ‘वहाँ’ आला. १९३८ साली दामले-फत्तेलाल यांच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या. या वेळी कृष्ण होता छोटा राम मराठे, पुढचे पं. राम मराठे. आणि या सगळ्यांच्या मधोमध, १९३७ साली, ‘कुंकू’.

‘कुंकू’बद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हिंदीत त्याचे नाव ‘दुनिया न माने’. विषय जरठ-कुमारी विवाहाचा, म्हणजे मराठी माणसाला नवीन नव्हे. देवलांच्या ‘शारदे’ला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे होत आली होती. पण ‘शारदा’ आणि ‘कुंकू’ यांत एक मोठा फरक आहे. शारदेचे लग्न ऐन वेळी मोडते. सगोत्राची बाब उघडकीस येते आणि मुलगी सुटते. शास्त्राने बांधले, शास्त्रानेच सोडवले! ‘कुंकू’तल्या नीरेची सुटका अशी होत नाही. तिचे लग्न लागते. अंगावर मंगळसूत्र येते, कपाळावर कुंकू येते आणि वकील काकासाहेबांच्या मोठ्या घरात ती येऊन पडते. तिथून पुढे ती एकच गोष्ट करते. हे लग्न मी मानत नाही, असे म्हणते आणि त्यावर ठाम राहते.

नवऱ्याला ती शय्येवर जवळ येऊ देत नाही. रडून, पाया पडून नव्हे, डोळ्याला डोळा भिडवून. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाई, अंगचटीला येऊ पाहणारा जवळजवळ तिच्याच वयाचा सावत्र मुलगा, येणारे-जाणारे, सगळ्यांशी ती झुंजते. त्या टग्याला ती छडीने झोडपून काढते तो प्रसंग पाहताना थिएटरातल्या बायकांना काय वाटले असेल! मी ‘कुंकू’ पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या खेळाला, खरखरत्या प्रतीवर. माझ्यामागच्या रांगेत दोन वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या छडीच्या प्रसंगाला त्यांनी अशा काही टाळ्या वाजवल्या की आजूबाजूची तरुण मंडळी वळून बघू लागली.

केशवराव दात्यांचे काकासाहेब हा अभिनयाचा वस्तुपाठच आहे. मिशांना कलप लावणारा, काठी टेकणारा, बंद पडणाऱ्या घड्याळाशी आपली तुलना करत बसणारा हा म्हातारा शेवटी खलनायक उरत नाही, दयनीय माणूस होतो. दाते, भोळे ही सगळी नाट्यमन्वंतराची माणसे. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून त्यांनी मराठी अभिनयाला आरडाओरडीतून बाहेर काढले होते. ती समज ‘कुंकू’त उतरली. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, भांड्यांचे, घड्याळाचे आवाज हेच त्याचे संगीत. अशा शांततेत नटाला लपायला जागा नसते. प्रसंग उभा करायला व्हायोलिने नसतात. शांताबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या आणि समोर केशवराव दात्यांसारखा कसलेला नट होता. तरी चित्रपट दोघांचा झाला. त्यात त्यांनी लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही गायली आहे. १९३७ सालच्या मराठी सिनेमात लग्नाच्या घरात कोंडलेली एक मुलगी इंग्रजी कविता गाते, हे धाडस कोणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे, पण ते शोभले आहे. आयुष्य म्हणजे पोकळ स्वप्न नव्हे, हे तिने कोणत्याही भाषेत म्हटले असते तरी शोभलेच असते.

‘कुंकू’चा शेवट मात्र मला नेहमी खटकतो. काकासाहेबांना आपली चूक उमगते, तेच नीरेच्या कपाळाचे कुंकू पुसतात आणि तिला मोकळी करण्यासाठी स्वतःचा जीव देतात. म्हणजे इतकी झुंज देऊनही नीरेला स्वातंत्र्य मिळते ते एका पुरुषाच्या उदारपणामुळे आणि मरणामुळे. १९३७ साली याहून पुढे जाणे कदाचित शक्य नव्हते. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. पण कथेतल्या नीरेसाठी लेखक होता, दिग्दर्शक होता. दोन वर्षांनी तिची भूमिका करणाऱ्या बाईवर वेळ आली तेव्हा तिची गोष्ट लिहून देणारे कोणी नव्हते.

प्रभात कंपनी वाईट मालक होती असे कोणी समजू नये. उलट त्या काळच्या इतर कंपन्यांच्या मानाने तिचा कारभार शिस्तीचा होता. मोठ्या नटापासून सुतारापर्यंत सगळ्यांना महिन्याचा पगार, वेळेवर येणे-जाणे, तालमी, नियम. चित्रपट ही एका कुटुंबाने मिळून करायची गोष्ट आहे अशी तिथली भावना होती आणि त्या भावनेतूनच एवढे सुंदर चित्रपट निघाले. पण कुटुंब म्हटले की कर्ता पुरुष आला. कोणाला कोणत्या चित्रपटात घ्यायचे, कोणाला बसवून ठेवायचे, हे कंपनी ठरवणार. नटीचा चेहरा जाहिरातीवर, तिचा आवाज गावोगावी घुमणार, तिच्या नावावर तिकिटे खपणार. पण करार असेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचे नाही. कंपनीची बाजूही समजण्यासारखी आहे. आम्ही हिला घडवले, हिच्यावर पैसा लावला, आता फळ दुसऱ्याने का खावे? दोन्ही बाजूंना आपण बरोबर आहोत असे वाटते, तिथेच भांडण विकोपाला जाते.

ही काही एकट्या पुण्याची गोष्ट नव्हती. हॉलिवूडमध्येही तेव्हा हेच चालू होते. बेटी डेव्हिस या मोठ्या अभिनेत्रीने १९३६ साली वॉर्नर कंपनीच्या कराराविरुद्ध बंड केले, प्रकरण लंडनच्या कोर्टात गेले आणि त्या हरल्या. पुढे १९४४ साली ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी त्याच कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियातला खटला जिंकला, तेव्हा कुठे तिथल्या कलावंतांना मोकळा श्वास घेता आला. आपल्याकडे नटीने कोर्टात जाणे ही कल्पनाच दूरची होती. कलावंतांची संघटना नव्हती. वर्तमानपत्रे नटीच्या बाजूने लिहिण्यापेक्षा नटीविषयी लिहिण्यात रमणारी.

मग १९३९ सालच्या हिंदुस्थानात जे हत्यार सगळ्यांच्या ओळखीचे होते ते शांताबाईंनी उचलले. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले होते. जुलैमध्ये शांता आपटे प्रभातच्या फाटकासमोर अन्न सोडून बसल्या. नीरा घरातल्या घरात बसत होती. या उघड्या रस्त्यावर येऊन बसल्या, एवढाच फरक.

लोकांनी याकडे कसे पाहिले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. देशासाठी उपोषण करणाऱ्याला महात्मा म्हणतात. पगारासाठी उपोषण करणाऱ्या नटीला तमाशा करणारी म्हणतात. ज्या प्रेक्षकांनी दोन वर्षांपूर्वी नीरेला टाळ्या दिल्या होत्या, त्यांतल्याच कितीकांनी या बातमीवर नाक मुरडले असेल. पडद्यावर बंडखोर बाई आपल्याला आवडते. खेळ संपला की ती घरी जाते ना! पगाराचे भांडण ही हलकी बाब आहे, असे मला स्वतःला वाटत नाही. गिरणीतल्या बाईने मजुरीसाठी संप करावा आणि आपण त्याला लढा म्हणावे, मग नटीच्या मजुरीलाच पोटपूजा का म्हणायचे? कला आणि पैसा हे शब्द एका वाक्यात आले की आपण मराठी माणसे उगीच अवघडतो.

उपोषण सुटले, पण प्रभातशी असलेले नातेही तुटले. पुढे त्या प्रभातच्या चित्रपटात दिसल्या नाहीत. त्याच वर्षी कंपनीचा ‘माणूस’ आला. त्याची नायिका दुसरी शांता होती, शांता हुबळीकर. कंपन्यांचे असेच असते, काम थांबत नाही. तरी पाहा, ज्या कुटुंबभावनेचा एवढा अभिमान होता ती मालकांनाही पुरली नाही. १९४२ साली खुद्द शांतारामबापूच प्रभात सोडून मुंबईला गेले आणि त्यांनी राजकमल काढली.

शांताबाईंनी मात्र उपोषणावर विषय संपवला नाही. १९४० साली त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. नाव ‘जाऊ मी सिनेमात?’. भारतातल्या चित्रपट अभिनेत्रीने स्वतःच्या धंद्याविषयी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. चोवीस वर्षांच्या लोकप्रिय नायिकेने पुस्तक लिहायचे म्हणजे आठवणी, भेटलेले थोर लोक, आवडते रंग, असे काही असेल असे कोणालाही वाटेल. हे पुस्तक तसे नाही. सिनेमात येऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींना पडणारा प्रश्न शांताबाईंनी शीर्षकातच घेतला आणि धंद्याची आतली बाजू त्यांच्यापुढे मांडली. या धंद्यात भांडवल कोणाचे, सत्ता कोणाची, राबणारे कोण आणि नफा कोणाकडे जातो. झगमगाटात उभी असलेली नटीसुद्धा शेवटी दुसऱ्याच्या भांडवलावर काम करणारी एक कामकरी आहे, ही त्यातली दृष्टी. १९४० साली, एका नटीची! आपल्याकडे चित्रपटावर जे पुढे गंभीरपणे लिहिले गेले त्यात दिग्दर्शकांची प्रतिभा आली, संगीताचा सुवर्णकाळ आला. पगारपत्रक फार कमी वेळा आले.

त्यांच्या स्वभावाविषयी सिनेमाच्या जगात अनेक गोष्टी चवीने सांगितल्या जात. एका चित्रपटविषयक मासिकाच्या संपादकाने त्यांच्याविषयी वेडेवाकडे छापले तेव्हा शांताबाई छडी घेऊन थेट त्याच्या कचेरीत शिरल्या, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका. ‘कुंकू’तल्या छडीचा तो प्रसंग लोकांच्या मनात इतका रुतला होता की, पडद्यावरची छडी पडद्याबाहेरही त्यांच्या हाती दिली गेली. अशा आख्यायिका कोणाच्याही नावावर चिकटत नाहीत. ती बाई तसे करू शकेल, असे आधी लोकांना वाटावे लागते.

प्रभातबाहेर पडल्यावर त्यांनी जे पहिले मोठे काम केले त्याचे मला अजून कौतुक वाटते. १९४१ साली वाय. व्ही. राव यांनी तमिळमध्ये ‘सावित्री’ काढला. सावित्री शांता आपटे आणि नारद साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी! सुब्बुलक्ष्मींनी ही पुरुष-भूमिका घेतली ती त्यांचे पती सदाशिवम आणि लेखक कल्की यांना नवे साप्ताहिक काढण्यासाठी पैसा उभा करायचा होता म्हणून. तेच पुढचे गाजलेले ‘कल्की’. इकडे शांताबाई त्या भूमिकेसाठी तमिळ शिकल्या, नुसते संवाद पाठ करून भागवले नाही. सोलापूर जिल्ह्यातली मराठी मुलगी तमिळ बोलते, तमिळ गाते आणि तेही सुब्बुलक्ष्मींच्या शेजारी उभी राहून. हिंमत म्हणायची ती आणखी कशाला?

मग हिंदी. १९४२ साली लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’, संगीत गुलाम हैदर यांचे. पंजाबी ठेक्याची ती गाणी मराठी गळ्याने अशी उचलली की ती सिंध-पंजाबात घरोघर पोचली. त्याच वर्षी देवकी बोस यांचा ‘आपलं घर’, हिंदीत ‘अपना घर’. १९४३ साली ‘दुहाई’, त्यात नूरजहाँ त्यांच्या बरोबर होत्या. १९४६ साली भालजींचा ‘वाल्मिकी’. कंपनीचे दार बंद झाले म्हणून बाई संपली, असे झाले नाही. पुणे, लाहोर, मद्रास, मुंबई अशी चौफेर कामे त्यांनी केली. ज्या मोकळेपणासाठी त्या फाटकासमोर बसल्या होत्या तो त्यांना मिळाला.

पण ‘कुंकू’ पुन्हा मिळाला नाही. इथे मी शांताबाईंची बाजू घेऊन गप्प बसू शकत नाही. स्वतंत्रपणे केलेल्या त्यांच्या चित्रपटांत चांगली गाणी आहेत, दोन-चार चांगल्या भूमिका आहेत, पण नीरेच्या तोडीचे काही नाही. शांतारामबापूंसारखा दिग्दर्शक, भोळ्यांसारखा संगीतकार, दात्यांसारखा सहनट आणि महिनोन्‌महिने तालमी करायला लागणारी फुरसत, हे सगळे एका छपराखाली होते ते त्याच कंपनीत. जे तिला बांधत होते तेच तिला उंचही नेत होते. मोकळ्या नटीला काम मिळते, पण तिच्यासाठी कोणी चित्रपट रचत नाही. शांताबाईंना हा हिशेब कळत नसेल असे मला वाटत नाही. ‘जाऊ मी सिनेमात?’ लिहिणाऱ्या बाईला हिशेब चांगला कळत होता.

शिवाय काळही बदलत होता. १९४६ साली मास्टर विनायकांनी ‘सुभद्रा’ काढला. संगीत वसंत देसाई यांचे. त्यात शांता आपट्यांच्या बरोबर एका गाण्यात सतरा वर्षांची एक मुलगी गायली आहे. ती विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये नोकरीला होती, छोट्या-मोठ्या भूमिका करत होती. तिचे नाव लता मंगेशकर. ते गाणे आज ऐकताना अंगावर काटा येतो, कारण एका गाण्यात दोन युगे शेजारी उभी आहेत. एकीचा आवाज आणि चेहरा एकाच बाईचा. दुसरीचा आवाज पुढे शेकडो चेहऱ्यांना लाभणार. पार्श्वगायन रूढ झाले आणि गाणारी नटी ही जातच ओसरू लागली. सुंदर दिसणारीला गाता येण्याची गरज उरली नाही, गाणारीला पडद्यावर दिसण्याची. शांताबाई गात राहिल्या, पण त्यांच्या हातातले अर्धे हत्यार काळाने काढून घेतले.

१९४८ साली शांताराम आठवल्यांच्या ‘भाग्यरेखा’त त्या आल्या. तिथे त्यांच्याबरोबर तरुण पु. ल. देशपांडे होते. १९४९, १९५० सालांत आणखी काही मराठी-हिंदी चित्रपट झाले. १९५३ साली ‘ताई तेलीण’. पेशवाईच्या अखेरीस पंतप्रतिनिधींसाठी वासोट्याचा किल्ला बापू गोखल्यांविरुद्ध महिनोन्‌महिने लढवणारी ही बाई सातारकरांच्या ओठांवर आजही आहे. ती भूमिका शांताबाईंकडे यावी याचे नवल वाटत नाही. चित्रपट फारसा लक्षात राहिला नाही, पण किल्ल्याच्या दारात उभी राहून फौजेला नाही म्हणणारी बाई कोण करील, असा विचार करणाऱ्याला त्या वेळी दुसरे नाव सुचले नसावे. त्यानंतर भूमिका लहान होत गेल्या. पौराणिक चित्रपट आले, चरित्रभूमिका आल्या. ‘रामभक्त विभीषण’ हा १९५८ सालचा, शेवटच्या चित्रपटांपैकी एक. ज्या बाईच्या नावावर एके काळी थिएटरे भरत, तिचे नाव आता श्रेयनामावलीत खाली खाली सरकत होते. यावर त्यांनी जाहीरपणे रडगाणे गायल्याचे दिसत नाही.

काही महिन्यांच्या आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. त्यांच्या कन्या नयना आपटे आईच्या मागोमाग रंगभूमीवर आणि पडद्यावर आल्या, गाणेही त्यांनी चालवले. प्रभातचा स्टुडिओ त्याच्या आधीच, १९५० च्या दशकात, बंद पडला होता आणि १९६० साली त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. अभिनय शिकायला देशभरातून मुली तिथे येऊ लागल्या, त्याच फाटकातून आत.